कपाटातली निळी रकाबी

मराठवाड्यातल्या जुन्या मुस्लिम घरांत भिंतीतली काचेची अलमारी हमखास असायची. रोजची भांडी तिच्यात नसत. ईद, निकाहाची बोलणी किंवा दूरचे पाहुणे, एवढ्याच निमित्तांनी ती उघडायची. आत पांढऱ्या रकाब्या एकावर एक रचलेल्या असत. त्यांच्या काठावर निळी वेलबुट्टी आणि मधोमध एखादा पूल, झाड किंवा घुमट असे. मुलांनी त्यांना हात लावायचा नाही, हा नियम सगळ्या घरांत सारखाच होता.

आता घरांवर स्लॅब पडले, भिंतीतल्या अलमाऱ्या गेल्या, स्टील आणि मेलामाइन आले. तांब्या-पितळेला निदान मोड मिळते. चिनीला मोड नाही. त्यामुळे जुनी रकाबी कबाडीवाला फुकटसुद्धा नेत नाही. ती कोंबड्यांना पाणी ठेवायला अंगणात जाते, नाहीतर घर पाडताना मातीत जाते. आमच्या हसनाबादेत आणि भोकरदन तालुक्यातल्या इतर गावांतही हे आम्ही पाहतो आहोत.

या रकाब्यांपैकी काही शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये छापलेल्या आहेत. जगभर अशा छापील निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे हौशी संग्राहक आहेत आणि त्यांवर मोठमोठे ग्रंथ निघाले आहेत. आपल्याकडे ही भांडी संग्राहकाने विकत आणलेली नाहीत. ती घरातच आहेत, फक्त कोणी उलटून पाहिलेली नाहीत. ती उलटून पाहावीत आणि वाचावीत, एवढ्यासाठीच हा लेख.

हा निळा रंग आला कुठून?

उर्दूत ‘चीनी’ म्हणजे साखरही आणि भांड्याची पांढरी मातीही. नावावरून वाटते, ही कला सगळी चीनची. पांढरी, पातळ, टणक भांडी करण्याचे कसब चीनचेच होते. पण पांढऱ्यावर निळ्याने रंगवण्याच्या कलेत इस्लामी जगाचा वाटा फार जुना आहे. नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी भांड्यांसारखा पांढरा लेप आपल्या साध्या मातीवर चढवला आणि त्यावर कोबाल्टच्या निळ्याने फुले काढली.

हा कोबाल्ट इराणातल्या काशानजवळच्या कमसर गावाच्या डोंगरांतून निघत असे. काशानच्या एका कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम काशानी यांनी १३०१ च्या सुमारास भांडी घडवण्याच्या विद्येवर फारसीत लिहून ठेवले आहे. या निळ्या खनिजाला ते ‘लाजवर्द’ म्हणतात आणि कारागिरांच्या बोलीत त्याला ‘सुलेमानी’ म्हणतात, अशी नोंदही करतात. आपण रंगीत फरशीकामाला ‘काशीकारी’ म्हणतो, तो शब्दही काशानवरूनच आला.

चौदाव्या शतकात हाच इराणी कोबाल्ट चीनच्या जिंगदेझेनला पोहोचला आणि चिनी निळी-पांढरी भांडी जगप्रसिद्ध झाली. पुढे चीनमध्ये आयात निळ्याला ‘मुसलमानी निळा’ अशा अर्थाचे नाव पडले. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बादशाही कारखान्यांत अरबी-फारसी मजकूर लिहिलेली भांडीही तयार झाली.

हा निळा पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. बीदरला महमूद गवानच्या मदरशावर (१४७२) काशीकारी अजून शिल्लक आहे. दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाला त्याच्या निळ्या चकाकत्या फरश्यांवरूनच नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर याच महालात कैदेत ठेवले होते.

कागदावरून मातीवर

युरोपातल्या श्रीमंतांना चिनी भांड्यांचे वेड होते, पण ती महाग पडत. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक आयात बंद केली आणि इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या कारखानदारांना मोकळे रान मिळाले.

तिथे छपाईची युक्ती आधीच हाती आली होती. १७५६ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी शपथेवर लिहून दिले होते, की आपण सहा तासांत १२०० पेक्षा जास्त भिंतीच्या फरश्या छापल्या. साध्या मातीच्या भांड्यावर झिलईच्या खाली निळी छपाई पक्की करण्याचे श्रेय स्टोकच्या जोसाया स्पोड यांना देतात आणि त्यासाठी १७८४ हे साल सांगतात.

ही रीत मोठी चतुर होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे. पत्रा गरम करून त्यावर तेलात घोटलेला निळा रंग भरायचा. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या पातळ कागदावर त्याचा ठसा घ्यायचा. तो कागद एकदा भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या रकाबीवर चिकटवून ब्रशने घासायचा. मग रकाबी पाण्यात बुडवली, की कागद निघून जाई आणि रंग मातीत राही. मंद भट्टीत तेल जाळून टाकायचे, झिलईत बुडवायचे आणि पुन्हा भाजायचे. कागद कापण्याचे, लावण्याचे आणि घासण्याचे काम बहुतेक बायका आणि लहान मुली करत. काठावरची नक्षी पट्टीच्या रूपात लावत आणि पट्टीची दोन टोके क्वचितच नीट जुळत. तो बेमालूम न झालेला सांधा आजही रकाबीच्या काठावर दिसतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कामगार मुलीच्या हाताची ती खूण आहे.

रंग निळाच का? त्या काळी झिलईखालच्या भट्टीची आच खात्रीने सोसणारा रंग कोबाल्टचाच होता. हिरव्या, तपकिरी आणि गुलाबी छपाईचा जम १८३० च्या आसपास बसला.

सर्वांत जास्त खपलेली नक्षी म्हणजे ‘विलो’. तिच्यात वाकलेले झाड, पूल, पुलावर तीन माणसे आणि आकाशात दोन पाखरे असतात. तिच्यासोबत सांगितली जाणारी चिनी प्रेमकथा चीनची नाहीच. माल खपावा म्हणून ती इंग्लंडमध्येच रचली गेली. जाहिरातीची कला तेव्हाही कमी नव्हती.

आपल्या इमारती, त्यांचे टेबल

चिनी देखाव्यांचा कंटाळा आल्यावर कारखानदारांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम या चित्रकारांनी हिंदुस्थानभर फिरून काढलेल्या चित्रांचे १४४ छापील देखावे १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वेरूळच्या लेण्यांचाही एक स्वतंत्र भाग आहे. तो जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून तयार झाला आणि १८०३ मध्ये निघाला.

१८०३ हे साल आमच्या जिल्ह्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आमच्याच भागातल्या असईजवळ आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. लंडनमध्ये लोक वेरूळची चित्रे चाळत होते आणि इकडे केळणा नदीच्या काठी तोफा धडाडत होत्या. या देखाव्यांची आवड आणि या मुलखावरचा ताबा एकमेकांच्या हातात हात घालून वाढले.

त्या काळात पुस्तकातले चित्र भांड्यावर उतरवायला कोणाची परवानगी लागत नसे. लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने डॅनियल यांच्या चित्रांवरून एक पूर्ण मालिका काढली. तिच्यातल्या एका देखाव्यावर अलाहाबादजवळचा ‘सुलतान परवेझचा मकबरा’ असे नाव आहे. परवेझ हा जहांगीरचा मुलगा. तो १६२६ मध्ये आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात वारला.

दुसऱ्या एका देखाव्यात पिलीभीतच्या मशिदीचा दरवाजा आहे. ही मशीद रोहिल्यांचा सरदार हाफिज रहमत खान याने बांधली. एप्रिल १७७४ मध्ये अवधचा नवाब आणि कंपनीची पलटण यांच्याशी लढताना तो मारला गेला. पुढच्या पन्नासएक वर्षांत त्याच्या मशिदीचा दरवाजा इंग्रजांच्या जेवणाच्या रकाबीवर आला. त्यावर मांस वाढले जात असे आणि मांस संपले, की दरवाजा दिसत असे. जेवणाऱ्यांपैकी किती जणांना ते नाव वाचून काही आठवत असेल?

स्टॅफर्डशायरच्या रॉजर्स कारखान्याने दिल्लीतल्या फिरोजशाह कोटल्याजवळच्या एका पडक्या इमारतीचे चित्र घेतले. स्पोड यांनी बंगालच्या फौजेतले कॅप्टन थॉमस विल्यमसन यांच्या १८०७ च्या शिकारीच्या पुस्तकातली चित्रे घेतली. उसाच्या फडातून अस्वल हुसकणे, झाडावरच्या बिबट्याला गोळी घालणे, असे प्रसंग त्यांत आहेत. प्रत्येक आकाराच्या भांड्याला वेगळा प्रसंग, आणि त्याचे नाव भांड्याच्या पाठीवर.

१८४२ मध्ये इंग्लंडात चित्र-पुस्तकांच्या हक्कांचा नवा कायदा आला आणि अशी सरळ नक्कल थांबली. त्यानंतरच्या रकाब्यांवर ‘हिंदुस्थान’ किंवा ‘पूर्वेकडचा देश’ म्हणून जे दिसते, ते बहुतेक मनचे असते. घुमट, खजुराचे झाड आणि पगडीवाला माणूस एकत्र केले, की झाला देखावा. म्हणून आधीच्या रकाब्यांना कागदपत्रांचे मोल आहे आणि नंतरच्या रकाब्या फक्त शोभेच्या, असा ढोबळ फरक लक्षात ठेवावा.

आपल्या भागात त्या आल्या कशा?

जालना आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या छावण्या होत्या. साहेबाची बदली झाली किंवा तो मेला, की त्याच्या सामानाचा लिलाव होई. दुसरी वाट हैदराबादची. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. नोकरीला, कोर्टाला, शिक्षणाला हैदराबादला गेलेला माणूस परतताना तिथल्या बाजारातून काही ना काही आणत असे. तिसरी वाट रेल्वेची. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला आणि मुंबईचा माल जालन्याच्या स्टेशनात उतरू लागला. कोकणातल्या खलाशी घरांत अशी भांडी बोटीवरूनच आली.

पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांसाठी कारखानदार खास मालही काढत. ग्लासगोच्या बेल कंपनीने मलय मुलखासाठी काढलेल्या रकाब्यांवर नक्षीची नावे मलय भाषेत आहेत, काही ठिकाणी तर अरबी वळणाच्या जावी लिपीत. स्कॉटलंडच्या मातीवर अरबी अक्षरे! व्यापाराला कोणतीच लिपी परकी नसते.

एका नवाबाचा छंद

संग्रह कशाला म्हणावे, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जुन्या राजधानीत आहे. मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग (१८८९-१९४९), काही काळ निजामाचे दिवाण होते. ते पद सोडल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य आणि उत्पन्न वस्तू जमवण्यात घालवले. आमच्या शेजारचे अजिंठा गाव याच घराण्याच्या जहागिरीत होते. त्यांनी लग्न केले नाही. त्यांच्या पश्चात १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत हे संग्रहालय खुले झाले आणि १९६८ मध्ये ते मुशी नदीकाठच्या आताच्या इमारतीत आले. तिथल्या युरोपीय दालनात इंग्लंडच्या नामांकित कारखान्यांची भांडी आहेत आणि पूर्वेकडच्या दालनात चीनची निळी-पांढरी. मुलांना घेऊन हैदराबादला गेलात, तर चारमिनार आणि बिर्याणीबरोबर अर्धा दिवस यासाठीही ठेवा. दोन्ही दालने पाठोपाठ पाहिली, की कोणी कोणाची नक्कल केली, ते मुलांना न सांगता कळते.

रकाबी कशी वाचावी?

नवाबाची ऐपत आपली नाही आणि तिची गरजही नाही. हातातली रकाबी वाचता आली तरी पुष्कळ आहे.

प्रथम चित्र छापील की हाताने काढलेले, ते पाहा. काठाच्या नक्षीत कुठे सांधा दिसला, तर ती छपाई. भिंग लावल्यावर बारीक ठिपके आणि रेषा दिसल्या, तरीही छपाईच. हाताच्या कामात रंगाचे कमी-जास्त ओघळ दिसतात.

मग रकाबी उलटा. पाठीवर ‘इंग्लंड’ हा शब्द इंग्रजीत असेल, तर ती साधारण १८९१ नंतरची. त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. ‘मेड इन इंग्लंड’ असेल, तर विसाव्या शतकातली. शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का आणि त्याच्या कोपऱ्यांत अक्षरे-आकडे असतील, तर ती नक्षी १८४२ ते १८८३ दरम्यान नोंदवलेली आहे. त्यानंतर फक्त नोंदणी क्रमांक येतो. काहीच शिक्का नसेल, तरी निराश होऊ नका. सुरुवातीच्या बऱ्याच मालावर शिक्का नसे. अशा वेळी बैठकीच्या कडेला झिलई साचून निळसर झालेली दिसते का, ते पाहावे. पाठीवर तीन बारीक टोचे दिसले, तर भट्टीत रकाबी ज्या तिपाईवर ठेवली होती, तिच्या त्या खुणा आहेत.

प्रत्येक निळी रकाबी इंग्लंडची नसते. स्फिंक्सचे चित्र आणि ‘मास्ट्रिख्त’ हे नाव असेल, तर ती हॉलंडची. जपानी माल पुष्कळ आहे. ग्वाल्हेर आणि बंगाल पॉटरीजची आपली देशी भांडीही आहेत. त्यांना कमी लेखू नका, त्यांचाही इतिहास आहे.

नखाने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर अखंड, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. पण तडा गेलेली रकाबी टाकून देऊ नका. काही जुन्या रकाब्या मागून धातूचे टाके घालून जोडलेल्या सापडतात. फुटलेली वस्तू जोडून पुन्हा अलमारीत ठेवणाऱ्या घराला तिची किती किंमत होती, हे त्या टाक्यांवरून कळते.

काळजीही साधीच आहे. कोमट पाणी आणि मऊ कापड वापरा. ब्लीच किंवा ॲसिड लावू नका. दोन रकाब्यांच्या मध्ये कागद ठेवा. जुन्या झिलईत शिसे असते, म्हणून लोणचे, लिंबू, चिंच असे आंबट पदार्थ त्यांत मुळीच ठेवू नका. खरे तर त्या जेवणासाठी वापरूच नयेत.

बाजारात घ्यायच्याच असतील, तर मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर आणि हैदराबादच्या जुमेरात बाजारात त्या अधूनमधून दिसतात. जुनी म्हणून नवी नक्कल गळ्यात मारणारेही तिथेच भेटतात. शिक्का फारच ठळक आणि ‘जुनेपणा’ सगळीकडे सारखाच दिसला, तर हात आवरावा. आणखी एक. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट देताना हे ध्यानात असू द्या.

शिजऱ्यात नसलेली नावे

वस्तू जमवणे म्हणजे इसराफ, फुकटची उधळपट्टी, असे काही वडीलधारे म्हणतात. कर्ज काढून किंवा शेजाऱ्यावर छाप पाडायला जमवले, तर ते बरोबरच आहे. पण घरात आहे ते सांभाळायला आणि त्याची नोंद ठेवायला वही-पेनापलीकडे खर्च नाही.

आम्ही वर्गात मुलांना एक काम दिले. घरातली सर्वांत जुनी रकाबी, प्याला किंवा तबक पाहायचे. ते शाळेत आणायचे नाही, फक्त चित्र काढायचे. घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला तीन प्रश्न विचारायचे: हे कोणाचे? कुठून आले? कधी? उर्दूत किंवा मराठीत, जमेल तसे लिहायचे. बरीच भांडी साधी निघाली, तामचिनीची. तीनच रकाब्या जुन्या छापील होत्या. पण उत्तरांनी आम्हाला विचारात पाडले. जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणा बाईच्या जहेजातून आलेली होती.

एका मुलीने लिहिले, की ही रकाबी दादीच्या आईची, ती परभणीकडून लग्न होऊन आली होती, पण तिचे नाव घरात कोणाला ठाऊक नाही. त्या घरात सात पिढ्यांचा शिजरा लिहिलेला आहे आणि त्यात सगळी नावे पुरुषांची. मुलगी स्वस्थ बसली नाही. दुसऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंना तिने फोन लावायला लावला आणि ते नाव मिळवले. पुढच्या आठवड्यात त्या बाईंचा इंतकाल झाला. एक आठवडा उशीर झाला असता, तर ते नाव कायमचे गेले असते.

आपल्या बहुतेक घरांची अशीच स्थिती आहे. जमिनीचे कागद पुरुषांच्या नावाचे, शिजरा पुरुषांचा, घराच्या पाटीवरही तेच. १९४८ च्या उलथापालथीत अनेक कुटुंबे गावे सोडून गेली आणि होती ती कागदपत्रेही हरवली. परनानी-परदादीच्या मागे राहिली ती एखादी पेटी, एखादा पानदान आणि दोन-चार रकाब्या. त्यांतली एखादी स्टोकच्या भट्टीतून निघून मुंबईमार्गे जालन्याला आली असेल, तर तिची किंमत बाजारात काही असो. आपल्यासाठी तिच्यावर जगाचा इतिहास आणि घराचा इतिहास एकाच जागी आहे. जगाचा इतिहास ग्रंथांत सापडेल. घराचा इतिहास मात्र घरातल्या वृद्ध बाईशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून वाचक भगिनींना आणि बंधूंना विनंती आहे, की येत्या ईदच्या साफसफाईत जुनी भांडी बाहेर काढाल, तेव्हा प्रत्येक रकाबी उलटी करून पाहा. शिक्क्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मग अम्मी, दादी, नानी, जी कोणी घरात असेल, तिच्याजवळ बसा आणि ते तीन प्रश्न विचारा. उत्तर एका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी रकाबीला डिंकाने चिकटवू नका. कागदाच्या पाकिटात घालून रकाबीखाली ठेवा. त्यावर तारीख घाला आणि सांगणाऱ्या बाईचे नाव पूर्ण लिहा.